दहा बाय बाराच्या खोलीत गाणं ऐकायचंय? स्पीकर असे निवडा

फ्लॅटमधली एक बेडरूम रिकामी झाली, किंवा जुन्या घरातली सोप्यालगतची खोली मोकळी केली, की पहिला प्रश्न येतो तो "कुठले स्पीकर घेऊ?" हा प्रश्न खरं तर शेवटचा असायला हवा. १०० ते १५० चौरस फुटांच्या खोलीत कानावर येणारा खर्ज स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ठरवते. म्हणून आधी खोली मोजायची, मग बसायची जागा पक्की करायची, आणि त्या जागेला झेपेल असा स्पीकर शोधायचा. क्रम पाळला तर मध्यम किमतीची जोडीही सुरेख वाजते. क्रम चुकला की महागडी जोडीसुद्धा घुमत राहते आणि दोष बिचाऱ्या अॅम्प्लिफायरवर जातो.

आधी टेप हातात घ्या

खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत लिहून काढा. मग ५७० या आकड्याला त्या प्रत्येकाने भागा. येणारं उत्तर म्हणजे त्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगणारा सर्वांत खालचा सूर, हर्ट्झमध्ये. (हवेतला आवाजाचा वेग आपल्याकडच्या ३० अंश तापमानात सेकंदाला सुमारे ३४९ मीटर असतो, त्यावरून हा आकडा निघतो.)

खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच धरू. उत्तरं येतात ४७.५, ५७ आणि ६०. शेवटचे दोन सूर एकमेकांना चिकटलेले आहेत, म्हणजे ६० हर्ट्झच्या आसपास ही खोली दुप्पट जोराने बोलणार. याच सुरांच्या दुपटी ९५, ११४ आणि १२० वर येतात, तिथेही थोडा फुगवटा राहतो. चौकोनी खोली, म्हणजे १० बाय १० आणि उंचीही १०, असेल तर तिन्ही सूर एकाच जागी पडतात. दुसरी खोली उपलब्ध असेल तर अशी खोली सोडा. नसेल तर स्पीकर आणखी लहान घ्या.

आता भिंतींकडे पाहा. परदेशी परीक्षणांमधल्या खोल्या पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर जिप्सम बोर्ड ठोकलेल्या असतात. तसल्या भिंती खालचा आवाज बऱ्यापैकी बाहेर जाऊ देतात. आपल्या चिऱ्यांच्या, विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती तो आतच अडवून धरतात. म्हणून "याचा बेस थोडा कमी आहे" असा शेरा मिळालेला स्पीकर फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या फ्लॅटमध्ये अगदी बेताचा वाटू शकतो, आणि "भरदार बेस" म्हणून वाखाणलेला दणदणाट करतो. कौलारू खोली मात्र वेगळी. वर स्लॅब नसेल आणि नुसती मंगळुरी कौलं असतील, तर छत आणि जमीन यांच्यामधला सूर तितका अडकत नाही आणि खर्ज मोकळा राहतो. त्या खोलीची अडचण म्हणजे पावसाळ्यात कौलांवरचा पाऊस गाण्याच्या वर चढतो.

तुम्ही ऐकता काय?

स्पीकर किती खोल जायला हवा हे संगीतावर ठरतं. काळी एकच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर असते, काळी चारची सुमारे १०४ वर. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्झ. म्हणजे ख्याल, नाट्यगीत, अभंग, भजन, मांडो (गोव्यातलं कोंकणी गीत) हे तुमचं मुख्य ऐकणं असेल तर ५५ ते ६० हर्ट्झपर्यंत स्वच्छ उतरणारा स्पीकर पुरतो. बेस गिटारची खालची तार ४१ हर्ट्झवर आहे. पियानो आणि मोठ्या चर्चमधला पाइप ऑर्गन त्याहूनही खाली जातात. हे संगीत रोज ऐकणाऱ्याने मोठे स्पीकर घेण्यापेक्षा लहान जोडी घेऊन वर्षभराने छोटा सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, जोडावा. सबवूफर वेगळा असला की तो खोलीत हवा तिथे सरकवता येतो. स्पीकरच्या पोटातला वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा शंकू) तसा सरकवता येत नाही.

केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएम ध्वनिमुद्रिका किंवा त्या काळचं कुठलंही गाणं ज्यांना जीव लावून ऐकायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. त्या मुद्रणांत खालचा आणि वरचा दोन्ही टोकांचा आवाज फारसा उतरलेलाच नाही. तिथे सगळी कमाई मधल्या पट्ट्यात, साधारण २०० ते ४००० हर्ट्झमध्ये आहे. वरच्या टोकाला उजळ वाजणारा स्पीकर अशा मुद्रणातली खरखर तेवढी पुढे आणतो आणि गळा मागे ढकलतो.

खोकं केवढं, कसलं

१२० चौरस फुटांपर्यंत पाच ते साडेपाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर घ्या. १५० चौरस फुटांपर्यंत साडेसहा इंची चालतील. जमिनीवर उभे राहणारे उंच टॉवर या मापाच्या खोलीत घेऊ नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचे तीन-चार ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, उभ्या रांगेत असतात. त्यांचा आवाज एकजीव व्हायला आठ-नऊ फुटांचं अंतर लागतं आणि इथे तुम्ही सहा फुटांवर बसणार आहात.

पोर्ट, म्हणजे भोक, असलेलं खोकं आणि पूर्ण बंद खोकं, हा फरक गोव्यात समजावणं सोपं आहे. घुमट हे वाद्य डोळ्यांसमोर आणा. मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर कातडं आणि दुसरं तोंड उघडं. वाजवणारा डाव्या हाताने ते तोंड झाकतो-उघडतो आणि नाद बदलतो, कारण पोटातली हवा आणि मानेतली हवा मिळून एका ठरावीक सुरावर डोलतात. स्पीकरच्या मागचं किंवा पुढचं भोक नेमकं हेच करतं. पाच इंची वूफर एकटा जिथे दमतो त्या सुरावर खोक्यातली हवा त्याला हात देते. लाभ असा की लहान खोक्यातून जास्त खर्ज मिळतो. तोटा असा की त्या सुराच्या खाली आवाज झपकन कोसळतो, सप्तकामागे २४ डेसिबलने. तो सूर तुमच्या खोलीच्या ५७–६० वर येऊन बसला तर तबल्याचा डग्गा "धूं" न म्हणता "बूऽऽ" म्हणत राहतो.

बंद खोक्याचा आवाज सप्तकामागे १२ डेसिबलने, म्हणजे हळूहळू उतरतो. आणि खोलीच्या सर्वांत खालच्या सुराखाली घट्ट भिंतींची लहान खोली स्वतः आवाजाला उचल देते, त्यामुळे दोघांचं जमतं. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांतल्या अरुंद जागेसाठी केलेला एलएस३/५ए हा पाचेक लिटरचा बंद स्पीकर मानवी आवाजासाठी अजून वाखाणला जातो. त्यामागे हेच गणित आहे. आज बाजारात बंद खोकी कमी मिळतात. तेव्हा पोर्टवालाच घ्यावा लागला तर असा घ्या ज्याच्यासोबत पोर्टमध्ये घालायचे फोमचे बुच येतात. नसतील तर मोज्यांची गुंडाळीही तेच काम करते. भिंतीजवळ ठेवावं लागणार असेल तर पोर्ट मागे नको, पुढे बघा.

माहितीपत्रकात "४५ हर्ट्झ ते २२ किलोहर्ट्झ" एवढंच छापलं असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. शेजारी "अधिक-उणे ३ डेसिबल" असं लिहिलेलं हवं. काही कंपन्या उणे १० डेसिबलचा आकडा छापतात, आणि तिथे आवाज निम्म्याहून कमी ऐकू येतो.

अॅम्प्लिफायर किती वॉटचा

इथे लोक विनाकारण पैसे घालतात. साधा हिशेब करा. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल आहे, म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर ८६. सहा फुटांवर बसल्याने पाच-सहा डेसिबल कमी होतात, दोन स्पीकर आणि खोलीचा परतावा मिळून जवळजवळ तेवढेच परत मिळतात. म्हणजे तुमच्या खुर्चीवर एका वॉटला ८५ च्या आसपास. घरात आरामात ऐकताना सरासरी ७५ आणि तबल्याच्या थापेला ९० धरा. त्याला तीन-चार वॉट लागतात. दणक्यात ऐकताना थाप १०० वर गेली तरी ३२ वॉट. आठ ओहमच्या (हा स्पीकरचा विद्युत रोध) स्पीकरला ४० ते ५० वॉटचा नीट बनवलेला अॅम्प्लिफायर पुरून उरतो. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट होतात, म्हणून ८२ डेसिबलचा स्पीकर घेतलात तर हाच आकडा अडीच पट होतो. चार ओहमचा स्पीकर असेल तर अॅम्प्लिफायरच्या मागे चार ओहम चालतं असं लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो तापतो आणि मोठ्या आवाजात बंद पडतो.

वायर हार्डवेअरच्या दुकानातली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची दुपदरी चालते. तीन मीटरच्या लांबीला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहम, म्हणजे नगण्य.

अॅम्प्लिफायर आत बसवलेले अॅक्टिव्ह स्पीकर रोज वापरात राहणाऱ्या खोलीला उत्तम. वर्षातले सहा महिने घर बंद राहणार असेल तर ते घेऊ नका. दमट हवेत सर्किट बोर्ड खराब होतो, आणि एक स्पीकर गेला की जोडी गेली.

जुनी जोडी घेताना

गोव्यात जहाजावर किंवा परदेशी नोकरी केलेल्या घरांतून चांगले जुने स्पीकर विकायला निघतात. घ्यायला हरकत नाही, पण या तीन गोष्टी तिथेच तपासा.

वूफरच्या कडेची गोल पट्टी फोमची आहे की रबराची? फोमची असेल तर बोटाच्या टोकाने अगदी हलकं दाबा. भुगा हाताला लागला, किंवा पट्टी चिकट झाली असेल, तर ती बदलावी लागणार. फोम दमट हवेत आपोआप विरतो, न वाजवतासुद्धा. रबराची पट्टी दशकं टिकते.

मग दोन्ही हातांची बोटं शंकूवर समोरासमोर ठेवून तो सरळ आत ढकला, चार-पाच मिलिमीटर. घासल्याचा बारीक खर्र आवाज आला तर कॉइल (शंकूमागचं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासते आहे, बहुधा गंजामुळे. अशी जोडी सोडा. तिसरं, कान ट्वीटरजवळ (वरचे सूर वाजवणारा छोटा ड्रायव्हर) नेऊन दोन्ही बाजूंनी सारखीच चमक येते का ते ऐका.

अॅम्प्लिफायर किंवा अॅक्टिव्ह स्पीकर असेल तर मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. जपानातला १०० व्होल्टचा, अमेरिकेतला १२० चा असतो. आपल्या २३० वर तो क्षणात जळतो. सौदीतून आलेली जुनी उपकरणंही तपासूनच लावा.

दुकानात ऐकताना

शोरूम मोठी असते, तिथला खर्ज घरी येत नाही. म्हणून दुकानात बेस तपासूच नका, गळा तपासा. स्वतःची चार गाणी न्या: एक स्त्री, एक पुरुष, एक तबल्याचं जवळून मुद्रण, एक झांजा-कांसाळ्यांची आरती. गाणाऱ्याचा "स" टोचतो का, श्वास ऐकू येतो का, डग्ग्यावरची घसीट सुरांतून सुरांत सरकते की एकाच सुरावर अडते, कांसाळं वाजल्यावर नाद विरत जातो की नुसता पत्रा वाजतो, एवढंच ऐका. दोन जोड्या शेजारी तुलना करताना मोबाइलवरच्या आवाजमापकाने दोन्हींची पातळी सारखी करून घ्या. एक-दोन डेसिबल मोठा असलेला स्पीकर नेहमी "जास्त चांगला" वाटतो, आणि विक्रेत्यालाही हे ठाऊक असतं. शक्य असेल तर दोन दिवस घरी वाजवून बघण्याची परवानगी मागा.

मांडणी, इंचापर्यंत

याच टप्प्यावर सगळा फरक पडतो, आणि एक पैसाही लागत नाही.

१० बाय १२ च्या खोलीत स्पीकर १० फुटी भिंतीच्या बाजूला ठेवा, म्हणजे आवाज लांबीच्या दिशेने जाईल. प्रत्येक स्पीकरचा मध्य बाजूच्या भिंतीपासून २ फुटांवर, म्हणजे दोघांत ६ फूट. स्पीकरचा दर्शनी भाग त्याच्या मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे. कान या जोडीशी ६ फुटांचा समभुज त्रिकोण करतील असे बसा, म्हणजे स्पीकरमागच्या त्याच भिंतीपासून सुमारे ७ फूट ८ इंचांवर. तुमच्या पाठीमागे सव्वाचार फूट मोकळे राहतात. खोलीच्या बरोबर मध्यावर, ६ फुटांवर, बसू नका. तिथे ४७ हर्ट्झचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. तुमच्या पाठीमागच्या भिंतीला टेकूनही नको, तिथे तोच सूर सर्वांत फुगतो.

वूफरपासून मागची भिंत, बाजूची भिंत आणि जमीन ही तीन अंतरं सारखी ठेवू नका. भिंतीवरून परतलेला आवाज एका ठरावीक सुराला खाऊन टाकतो. २८६ ला फुटांतल्या अंतराने भागलं की तो सूर मिळतो, २ फुटांना १४३. तिन्ही अंतरं २ फूट ठेवली तर तिन्ही खड्डे एकाच जागी पडतात, नेमके पुरुषी आवाजाच्या षड्जाच्या आसपास, आणि गळा पोकळ वाटतो.

उंची: ट्वीटर कानाच्या रेषेत. खुर्चीवर कान जमिनीपासून ३६ ते ४० इंचांवर असतो. गादी टाकून मांडी घालून बसणार असाल तर २८ ते ३२ इंचांवर. तयार स्टँड खुर्चीच्या हिशेबाने बनवलेले असतात. बैठकीसाठी २० इंची स्टँड सुताराकडून करून घ्या. पोकळ लोखंडी स्टँडमध्ये वाळू भरायची असेल तर नदीची, धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेली. किनाऱ्यावरची वाळू मुळीच नको, तिच्यातलं मीठ नळी आतून खातं.

आता बारीक जुळवणी. दोन्ही स्पीकर तुमच्या खांद्यांच्या किंचित बाहेर रोखा आणि एकाच गाणाऱ्याचं मुद्रण लावा. आवाज दोघांच्या बरोबर मध्ये, माणूस बसल्यासारखा यायला हवा. पसरट वाटला तर दोन्ही थोडे आत वळवा. आवाज नेमका कुठून येतो हेच कळत नसेल आणि खर्जही गायब असेल, तर एका बाजूच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या आहेत. नवख्यांच्या हातून सर्वाधिक होणारी चूक हीच. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर लावा. अधिक टोक लाल तारेला असताना वूफर बाहेर यायला हवा.

मग मोबाइलवरून ४० ते १२० हर्ट्झचे सूर पाच-पाचच्या टप्प्यांनी वाजवा. एखादा सूर भिंत हादरवतो आणि पुढचा ऐकूच येत नाही, असं असेल तर खुर्ची सहा इंच पुढे-मागे करून बघा. सहा इंचांनी काय होणार, असं वाटतं, पण एकदा करून पाहाच. आकडेच हवे असतील त्यांच्यासाठी रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि मोजणीचा यूएसबी माइक पुरतो.

उघड्या भिंती आणि टाइल्सच्या जमिनीवर टाळी वाजवली की "टर्रर्र" असा नाद येतो. तो घालवायला समोर सतरंजी किंवा जाड गालिचा, आणि बाजूच्या भिंतींवर जिथे आरसा धरला असता तुमच्या जागेवरून ट्वीटर दिसतो त्या ठिकाणी पुस्तकांचं कपाट किंवा जाड पडदा. रॉकवूलचे दोन इंची फलक लावायचे तर भिंतीपासून दोन इंच सोडून लावा. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल धरते, चिकटवलेला फलक मागून बुरसतो. अंड्याच्या ट्रेसारखा फोम खर्जाला काहीही करत नाही.

मीठ, ओल आणि वीज

समुद्रापासून जवळ असाल तर साधे कागदी शंकू टाळा. पॉलिप्रोपिलीन, अॅल्युमिनियम किंवा लेप दिलेला कागद घ्या. खोकी एमडीएफची असतात आणि खालून ओल लागली की फुगतात, म्हणून जमिनीवर थेट कधीच नाही. जून ते सप्टेंबर दर दोन-तीन दिवसांनी तासभर वाजवा. शंकूवर बुरशीचा पांढरा थर दिसला तर मऊ कोरड्या ब्रशने झटका, पाण्याचं फडकं नको. तारेची उघडी टोकं हिरवट होतात. दर पावसाळ्यानंतर अर्धा इंच कापून नवं तांबं काढा, किंवा सुरुवातीलाच बनाना प्लग (तारेच्या टोकाची धातूची पिन) लावा. मागच्या पोर्टमध्ये पाली जातात. भोकावर नायलॉनची जाळी ताणून लावली की प्रश्न मिटला.

मे-जूनमध्ये आणि पाऊस परतताना गडगडाट सुरू झाला की प्लग काढा, इंटरनेटची तारसुद्धा. स्पाइक गार्ड अर्थिंगशिवाय निम्म्या कामाचा, आणि जांभ्या जमिनीतली अर्थिंग उन्हाळ्यात सुकून कमकुवत होते. अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थच्या खड्ड्यात पाणी घाला. गुणगुण घालवण्यासाठी तिसरी पिन कापणं जिवावर बेतू शकतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, चौकोनी लहरीवर अॅम्प्लिफायर भुणभुणतो.

शेजाऱ्यांची भिंत लागून असेल तर स्पीकर त्या भिंतीकडे पाठ करून ठेवू नका. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि भिंतीपलीकडे खर्जच पहिला पोचतो.

सगळं मनासारखं बसलं की स्टँडच्या चारही पायांभोवती आणि खुर्चीच्या पायांपाशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करा, आणि अंतरं एका कागदावर लिहून अॅम्प्लिफायरखाली ठेवा. चवथीला माटोळी (गणपतीच्या वर बांधायची फळं-पानांची आरास) बांधायला आणि पाहुण्यांची अंथरुणं घालायला खोली रिकामी करावीच लागते. खुणा असतील तर विसर्जनानंतर पाच मिनिटांत स्पीकर आपल्या जागी येतात.